दावं नसलेलं जनावर

सरकी आमच्या घरी आली ती बारदान्यात गुंडाळून. सहा वर्षांपूर्वीचा जानेवारी. तेल्हाऱ्याच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि एका ट्रॉलीच्या चाकाला टेकून हे ओंजळभर पिल्लू बसलेलं. रंग थेट सरकीचा: मळकट करडा आणि वर पांढरी लव. नाव शोधावं लागलंच नाही. माझ्या मुलीनं उचललं, पोत्यात घातलं, आणि मला विचारलं ते घरी पोचल्यावर.

शेजारच्या काकाजींनी पिल्लाची शेपूट वर करून पाहिली आणि निकाल दिला, "कुत्री हाय ना बाप्पा. कायले आनली? सालातून दोनदा पिल्लं देईन." समोरच्या आजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाकर टाकली काय तिले?" टाकली, म्हटलं. "मंग झालं. आता ते तुह्या दाराचं."

तेव्हा मला ती म्हातारीची बोलण्याची रीत वाटली होती. पुढे वाचत गेलो तसं कळलं, की हंगेरीतल्या संशोधकांनी हीच गोष्ट प्रयोग करून पाहिली होती. २००१ साली मार्ता गाची आणि तिच्या सहकाऱ्यांनी बुडापेस्टजवळच्या निवाऱ्यांतली मोठी, बेवारस कुत्री घेतली. एका अनोळखी माणसानं प्रत्येक कुत्र्याला तीनदा भेटायचं, दर वेळी दहा मिनिटं. हात फिरवायचा, थोडं खेळायचं, बस. मग लहान मुलाची आईशी असलेली ओढ तपासायला मानसशास्त्रात जी चाचणी वापरतात, तीच लावली: खोलीत ओळखीचा माणूस आणि परका माणूस, दोघं आळीपाळीनं आत-बाहेर. तीस मिनिटांच्या ओळखीवर ती कुत्री त्या माणसाच्या मागे दाराशी जाऊन उभी राहत होती, तो परत आला की अंगाला भिडत होती, परक्याकडे तशी जात नव्हती. अर्धा तास! बँकेत खातं उघडायलाही आपल्याकडे याहून जास्त वेळ लागतो.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते. कुत्रं आपला निर्णय अर्ध्या तासात घेऊन मोकळं होतं. माणसाला तोच निर्णय दहा-बारा वर्षं, रोज सकाळी उठून, नव्यानं घ्यावा लागतो.

आमचा वऱ्हाड हा दावणीचा मुलूख. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणारी माणसं आम्ही. जनावर खुंट्याला बांधलं की त्याचं वैरण-पाणी आपलं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दुष्काळात माणूस स्वतः अर्धपोटी राहील, पण बैलापुढे कडबा टाकेल. कुत्र्याचा हिशेब मात्र वेगळा. त्याला दावं नव्हतं, म्हणून मालकही नव्हता; ते अख्ख्या गावाचं होतं. एका घरची शिळी भाकर, दुसऱ्याच्या ओट्याची सावली, तिसऱ्याच्या नांदीतलं पाणी. १९७४ साली दायमाबादला सापडलेला तो प्रसिद्ध धातूचा रथ पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका टेकाडात तो हजारो वर्षं पुरलेला होता. दोन बैल जुवाला जुंपलेले, मागे माणूस उभा, आणि दांडीवर एक कुत्रं उभं. बैल बांधलेले आहेत, कुत्रं आपल्या मर्जीनं आलेलं आहे.

कुत्र्याच्या पोटात काय बदललं, ते तर आणखी नवलाचं. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांचे जीन ताडून पाहिले. पिष्ट पदार्थ पचवणाऱ्या एका जीनच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. शेती सुरू झाली, माणसाच्या वस्तीत धान्य आलं, आणि उकिरड्यावरचं धान्य ज्याला पचलं तो टिकला. म्हणजे आजींनी टाकलेली ज्वारीची भाकर पचवणारं पोट त्याला आपल्याच चुलींनी दिलं आहे. कुत्रा हा भाकर खाणारा लांडगा आहे.

पण भाकर पचते म्हणून भाकरीवर भागतं असं नाही, आणि इथून जबाबदारीचा बारीक तपशील सुरू होतो. सरकीला पहिल्या रात्री आम्ही प्रेमानं वाटीभर गाईचं दूध पाजलं. सकाळी सगळी फरशी खराब. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश आणि प्रथिनं असतात, आणि साखर मात्र कमी. ती दुधातली साखर पिल्लाच्या आतड्याला झेपली नाही. दुसरी चूक बेसनाची. आमच्याकडे बेसन म्हणजे पिठलं, आणि त्यात कांदा नाही असं होत नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका दिवसात दिसत नाही, आठवड्यात हिरड्या पांढऱ्या पडतात. द्राक्षं, मनुका त्याच्या मूत्रपिंडावर उठतात. चॉकलेट हृदयावर. घरातल्या प्रत्येक माणसाला, पाहुण्याला आणि "एक घासच तर देतो" म्हणणाऱ्या प्रत्येक मामाजीला हे सांगत बसणं, हाही पालनपोषणाचाच भाग, आणि माझ्या मते सगळ्यांत दमवणारा.

तिसऱ्या दिवशी तिला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर पाय सुजलेला एक गोऱ्हा, दोन शेळ्या आणि आम्ही. डॉक्टरांनी तिचा जबडा अंगठ्यानं उघडून दाखवला: सुईसारखे दुधाचे दात नुकते रांगेला लागलेले. "पाच-सहा आठवडे," ते म्हणाले. मग असं काही बोलले की मी दवाखान्याच्या पायरीवरच बसलो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या पिल्लाच्या अंगात आता दोन घड्याळं चालू होती, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध.

पहिलं घड्याळ मेंदूचं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जगाची यादी करतो: हे आपलं, हे परकं, हे भिण्यासारखं, हे नाही. १९६१ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं उंच कुंपणाच्या शेतात माणसाच्या स्पर्शाविना वाढवली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे रानटी जनावरासारखीच राहिली. किती समजावलं तरी जवळ येईनात. खिडकी मिटली होती. म्हणून या दिवसांत पिल्लाला ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, दाढीवाला माणूस, लहान मूल, छत्री, एसटी, सगळं दाखवायला हवं.

दुसरं घड्याळ रक्ताचं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं मिळतात. ती रोगाला मारतात, तशीच लसीलाही मारतात. त्यांना काय कळतं की ही औषधाची सुई आहे? ही आईची शिदोरी कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं: कुणाची सहाव्या आठवड्याला, कुणाची सोळाव्याला. संपल्याशिवाय लस लागू पडत नाही आणि संपल्यानंतर एक दिवसही उघडं राहणं धोक्याचं. म्हणून तीच लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा टोचतात. "मागच्या महिन्यात तर दिली होती, डॉक्टर पैसे काढतात" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

झालं काय, की मेंदूचं घड्याळ सांगतं, बाहेर ने. रक्ताचं सांगतं, जमिनीवर ठेवू नकोस. डॉक्टरांनी तोड सांगितली ती अगदी घरगुती: कडेवर घेऊन फिरा. मग दोन महिने माझी मुलगी शाळेतून आली की सरकीला ओढणीच्या झोळीत घालून बाजारातून फिरवायची. भाजीवाल्या बायका विचारायच्या, "लेकरू हाय काय माय?"

ज्या रोगाची एवढी धास्ती, तो पार्वो १९७८ पूर्वी जगाला माहीतही नव्हता. मांजरांच्या एका विषाणूशी नातं सांगणारा हा नवा विषाणू त्या वर्षी एकदम ठिकठिकाणी दिसला आणि दोनेक वर्षांत पृथ्वीला वळसा घालून आला. उन्हातान्हात मातीत तो महिनोन्महिने तग धरतो. रक्ताची हगवण, उलट्या, आणि लस नसलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत संपतं.

रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाचं आयुष्य किती, याचा माग कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढला. ९५ वेतांतली ३६४ पिल्लं त्यांनी जन्मापासून पाहिली. सहा-सात महिन्यांची होईपर्यंत त्यांतली शंभरात एकोणीसच जगली. आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे कुठून ना कुठून माणूस होता: गाडी, विष, मार, किंवा उचलून नेणं. हो, उचलून नेणंही. प्रेमानं उचलायचं, चार दिवस खेळवायचं आणि कंटाळा आला की दुसऱ्या गल्लीत सोडायचं. आईपासून तुटलेलं आणि नव्या गल्लीतल्या कुत्र्यांनी वेढलेलं पिल्लू किती टिकणार? त्यापेक्षा न उचललेलं बरं. सरकीला उचललं त्या दिवशी मला हे ठाऊक असतं, तर तो बारदाना घरात घेण्याआधी मी नक्की थबकलो असतो.

याच संस्थेनं आणखी एक गंमत दाखवली. रस्त्यावरच्या कुत्र्यांना एका अनोळखी माणसानं काही दिवस खाऊ दिला, दुसऱ्यानं फक्त डोक्यावरून हात फिरवला. पुढे कुत्र्यांनी अधिक विश्वास दाखवला तो हात फिरवणाऱ्यावर. आजींचं अर्धं चुकलं म्हणायचं. भाकरीपेक्षा हात मोठा निघाला.

आणि नजर! जपानच्या अझाबू विद्यापीठानं २०१५ साली मोजून दाखवलं, की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. बाळाला पाजताना आईच्या शरीरात पाझरतं तेच हे रसायन. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांत हे घडलं नाही. "डोळ्यांनी बोलतं" असं आपण सहज म्हणतो, पण भुवयांची आतली टोकं वर उचलून केविलवाणं पाहता यावं, यासाठीचा स्नायूही कुत्र्यात भरदार असतो आणि लांडग्यात नावापुरता. एवढ्या हजारो वर्षांत आपल्याला विरघळवणारा चेहरा त्यानं घडवून घेतला आहे. म्हणून दत्तक घेण्याचा निर्णय त्या डोळ्यांकडे पाहत घेऊ नये, एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठं कुत्रं घरी आणणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. त्याचं घड्याळ मागेच थांबलेलं असतं आणि त्याच्या यादीत काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही. काठी उचलली की पळतं? केरसुणीला भितं? अमेरिकेतल्या ओहायोतल्या एका निवाऱ्यात १९९७ साली कुत्र्यांच्या रक्तातलं ताणाचं रसायन मोजलं, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत ते घरी पाळलेल्या कुत्र्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. जागा बदलल्याचा धसका असा रक्तात उतरतो. या काळात ते खात नाही, किंवा गुरगुरतं, आणि लोक म्हणतात, कुत्रं बिघडलेलं आहे, परत नेऊन द्या. कुत्री सोडवणारे कार्यकर्ते एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस धसका उतरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे घर आपलं वाटायला. सरकीला कूलरच्या स्टँडमागून बाहेर यायला पाच दिवस लागले; ती तर पिल्लू होती.

मग आला उन्हाळा. अकोला जिल्ह्याचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही; पारा ४५ च्या पुढे गेला की इथे बातमीसुद्धा होत नाही. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घामाच्या उपयोगी ग्रंथी आहेत त्या फक्त तळपायांच्या गाद्यांना. बाकी सारी भिस्त जिभेवर. धापा टाकताना त्याचा श्वास मिनिटाला तीनशेच्या वर जातो आणि जिभेवरचं पाणी उडून रक्त गार होतं. हवाच अंगापेक्षा तापली, पाणी नसलं, किंवा तोंडाला घट्ट पट्टा बांधला, की हे यंत्र कमी पडतं. त्याचं नेहमीचं अंग ३८.३ ते ३९.२ अंश; ४१ च्या वर गेलं की उष्माघात. डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्यावर कुत्र्याला चालवू नये. सरकीनं स्वतःची सोय स्वतः लावली: कूलरच्या टाकीची गळती जिथे पडते तिथली ओली फरशी. गेली पाच वर्षं मी ती गळती दुरुस्त केलेली नाही.

सहा महिन्यांची होताच तिचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. काकाजींचं गणित बरोबरच होतं: वर्षातून दोनदा माजावर येणं, ६३ दिवसांत पिल्लं, आणि त्यांतली किती जगतात ते वर सांगितलंच. ते झालं जिल्ह्याच्या गावी, अकोल्यात; तिथे पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था असणं किती मोठं आहे ते एरवी गाई-म्हशीवाल्यांनाच ठाऊक.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, मग बूस्टर, पुढे दरवर्षी. यात सवलत नाही. लक्षणं दिसली की हा रोग माणूस काय, कुत्रं काय, कुणालाच सोडत नाही. चावल्याबरोबर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लस घ्यायला निघायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

लसीचा एक धागा मात्र मला फार उशिरा सापडला, आणि तो थेट वाघापर्यंत जातो. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. वान नदी मेळघाटातून उतरते, वारी भैरवगडाजवळ धरणात थांबते. (भैरवाचं वाहन कुत्रं, गडाचं नाव घेताना हे कुणाच्या मनात येत नाही.) त्या पलीकडे वान अभयारण्य, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचंच अंग. गावचं कुत्रं गुराख्यामागे जंगलाच्या कडेला जातं आणि बिबट्या कुत्र्यासाठी गावाच्या कडेला येतो. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात गावकुत्री आणि खोकडं यांचं रक्त तपासलं, तेव्हा बहुतेक मोठ्या कुत्र्यांत पार्वो आणि डिस्टेंपर (तोही लसीनं टळणारा रोग) होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. त्याच डिस्टेंपरनं २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह मारले. सरकीच्या मांडीत टोचलेली सुई एका अर्थानं जंगलाच्या वेशीवर टोचलेली असते.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर भुकेनं-तहानेनं तळमळेल अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. वाचताना चूक झाली असं वाटून मी परत वाचलं. चहा-समोशाचा दंड! पण २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात जो आदेश दिला, त्यात दत्तक घेणाऱ्यांसाठी एक ओळ आहे: प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, आणि ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही हे पाहणं अर्जदाराचंच काम. न्यायालयानं ते दावं दाखवून दिलं, पण ते कुत्र्याच्या नाही, माणसाच्या गळ्यात.

किती वर्षांसाठी? "कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात" हा हिशेब खोटा आहे. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लॅब्रेडोर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार उमटणाऱ्या रासायनिक खुणा माणसाशी ताडल्या. कुत्रं सुरुवातीला वाऱ्यासारखं म्हातारं होतं, मग चाल मंदावते. एका वर्षाचं कुत्रं तिशीच्या माणसासारखं, चार वर्षांचं त्रेपन्नच्या. गावठी कुत्र्याला तेच सूत्र तंतोतंत लागेल असं नाही, पण मी पेन्सिलीनं मांडून पाहिलं. सरकी चार वर्षांची झाली त्या दिवशी ती मला ओलांडून पुढे गेली होती. माझी लेकीसारखी सरकी आज माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची आहे, साठीची. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते. डोळ्यांत निळसर झाक आली आहे.

आणि आपण आधी गेलो तर? रतन टाटा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात टिटो नावाच्या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या. लोकांना ती श्रीमंताची हौस वाटली. मला त्यात आमच्याच शेतकऱ्याची काळजी दिसली. आजारी म्हाताराही खाटेवरून विचारतो ना, बैलाले पानी दाखोलं काय?

माझ्याकडे मृत्युपत्रात लिहिण्यासारखं फार काही नाही. पण येत्या मे महिन्यात नागपूरला लग्न आहे, आठ दिवस घर बंद. सरकीला सोबत नेता येणार नाही. हे मी बायकोशी बोलत होतो, तर कुंपणापलीकडून काकाजी म्हणाले, "चाबी ठेवून जाय. आन तिची भाकर कव्हा, काय, तेवढं कागदावर लिहून ठेव."

रात्री कागद घेऊन बसलो. पहिली ओळ: कांदा नाही. मग पाण्याचं भांडं दोनदा, कूलर सकाळी अकराला सुरू, गळती बुजवू नये, गोचिडांसाठी कानाच्या मागे बोट घालून पाहावं, दुपारी रस्त्यावर नेऊ नये, ती दाराकडे तोंड करून बसली तर बसू द्यावं. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. तरी वरातीतल्या फटाक्यांचं लिहायचं राहिलंच होतं.